परदेशी विद्यार्थी आणि आपला उंबरठा

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाच्या सामानाची यादी घरोघरी मोठ्या काळजीने तयार होते. पारपत्र, प्रवेशपत्र, गुणपत्रिकांच्या प्रती, औषधांच्या पुड्या, लोणच्याची बरणी. ह्यांपैकी काही म्हणजे काही राहत नाही. पण ज्या देशात तो तीन-चार वर्षे राहणार, तेथे कोणाला कसे अभिवादन करावे, पादत्राणे कोठे काढावीत, पानावर बसल्यावर ‘पुरे’ कसे म्हणावे, ह्याची यादी त्याला कोणी देत नाही. ती द्यायला हवी हे ध्यानातच येत नाही. कारण आपल्या घरच्या रीती आपण स्वतः केव्हा शिकलो हे आपल्याला आठवत नसते. लहानपणी आईने हात धरून मागे ओढले, आजोबांनी डोळे वटारले, आणि रीत अंगवळणी पडली. जे आपल्याला कोणी शब्दांत सांगितले नाही, ते आपणही दुसऱ्याला शब्दांत सांगत नाही. परक्या देशात शिकणाऱ्या विद्यार्थ्याची बरीचशी अडचण येथे उगम पावते.

सरकारी नियमांचे तसे नाही. ते लिहिलेले असतात. एकशे ऐंशी दिवसांहून अधिक मुदतीच्या परवान्यावर भारतात शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याने आल्यापासून चौदा दिवसांच्या आत आपली नोंदणी करायची असते. त्याला घरात ठेवून घेणाऱ्या मालकाने चोवीस तासांत तसे कळवायचे असते. थायलंडमध्येही घरमालकावर चोवीस तासांचेच बंधन आहे, आणि परदेशी रहिवाशाने दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवावा असा तेथील कायदा आहे. शासकीय सेवेत माझी अनेक वर्षे गेली. त्या अनुभवावरून सांगतो, असले नियम माणसाला फार काळ अडवीत नाहीत. नमुना भरला, शिक्का बसला, काम झाले. जे नियम कोणत्याच नमुन्यात नसतात, ते मोडल्यावर दंडाची पावतीही मिळत नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावर एक आठी उमटते, आणि ती का उमटली हे परक्या माणसाला कळत नाही.

ह्या न लिहिलेल्या नियमांविषयी आज बोलायचे आहे. मी रायपूरला समता कॉलोनीत राहतो. शेजारच्या चौबे कॉलोनीत आमचे महाराष्ट्र मंडळ आहे. त्याची स्थापना १९३५ ची. त्याच्याही पूर्वीपासून, नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून, मराठी कुटुंबे छत्तीसगडात येत राहिली. दुसऱ्याच्या प्रदेशात राहून तेथील रीत शिकणे म्हणजे काय, हे आम्हां बाहेरप्रांतीच्या मराठी माणसांना थोडेबहुत ठाऊक असते. त्याचा एक दाखला देतो.

आपल्याकडे भाचा मामाच्या पाया पडतो. छत्तीसगडात मामा भाच्याच्या पाया पडतो. पिकल्या केसांचा गृहस्थ सात-आठ वर्षांच्या पोरापुढे वाकताना पाहून नवागत मराठी माणूस चकित होतो. हे उलटे कसे? पण कारण ऐकले की आश्चर्य मावळते. श्रीरामाची माता कौसल्या ही ह्या भूमीची, म्हणजे दक्षिण कोसलाची कन्या, अशी येथील जनतेची श्रद्धा आहे. रायपूरजवळच्या चंदखुरी गावी कौसल्येचे मंदिरही आहे. तेव्हा राम हा साऱ्या छत्तीसगडाचा भाचा ठरला, आणि प्रत्येक घरच्या भाच्यात लोक त्याचा अंश पाहू लागले. एकदा हे समजले म्हणजे ती रीत विचित्र वाटत नाही. इतकेच काय, ती मनोहर वाटू लागते. रीतीचे कारण समजले की ती लक्षात ठेवावी लागत नाही, ती आपोआप लक्षात राहते. परदेशी विद्यार्थ्याला शिष्टाचाराची शंभर कलमे पाठ करायला देण्याऐवजी पाच-सहा कारणे सांगावीत, असे मला वाटते ते ह्यामुळेच.

ह्या दृष्टीने रायपूरहून सुमारे शंभर किलोमीटरांवर असलेल्या खैरागडाकडे पाहू. तेथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. खैरागडचे राजे वीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावतीदेवी ह्यांनी आपल्या दिवंगत कन्येच्या, राजकुमारी इंदिरेच्या स्मरणार्थ आपला राजवाडा दिला आणि १९५६ मध्ये संगीत व ललितकलांना वाहिलेले हे विद्यापीठ उभे राहिले. आरंभीच्या काळात त्याचे कुलगुरुपद भूषविले ते पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर ह्यांनी. पंडित भातखंड्यांचा हा मराठी शिष्य लखनौहून छत्तीसगडातल्या एका लहानशा संस्थानी गावी आला, हे आपण अगत्याने लक्षात ठेवावे. येथे परदेशांतूनही विद्यार्थी येतात, श्रीलंकेतून विशेष. श्रीलंकेचे विख्यात गायक अमरदेव लखनौच्या भातखंडे संस्थेत शिकून गेले होते. तेव्हापासूनची, किंबहुना त्याच्याही आधीची ती वाट आहे.

अशा विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात काय दिसते? वर्गाच्या दाराशी पादत्राणांची रांग. गुरुजी जमिनीवर, विद्यार्थी जमिनीवर. पाय लांब करून कोणी बसत नाही. निदान गुरूंच्या किंवा तंबोऱ्याच्या दिशेने तर नाहीच. वाद्य ओलांडून कोणी जात नाही, लांबचा वळसा घेतात. चुकून पाय लागलाच तर वाद्याला हात लावून तो कपाळी नेतात. गुरूंच्या गुरूंचे नाव घेताना बोटे कानाच्या पाळीला जातात. मैफलीत गायला बसण्यापूर्वी समोरच्या वडीलधाऱ्यांची अनुमती मागतात. ह्या सात-आठ वेगवेगळ्या गोष्टी दिसतात खऱ्या. पण त्यांच्या मुळाशी कल्पना दोनच आहेत. पहिली, पाय हा देहाचा सर्वांत खालचा आणि धुळीत वावरणारा भाग, म्हणून जे पूज्य आहे त्याला त्याचा स्पर्श होऊ नये. दुसरी, विद्या ही आपली मिळकत नव्हे, ती कोणाकडून तरी आपल्याकडे चालत आलेली आहे, म्हणून तिचा वापर करण्यापूर्वी देणाऱ्याचे स्मरण करावे. एवढे दोन विचार उमगले की नवा विद्यार्थी न सांगता पुस्तकावरून पाय टाकणार नाही, आणि घराच्या उंबऱ्यावर बसणार नाही. कारण उंबरठा हीदेखील आपल्याकडे पूजेची जागा आहे.

आता हाच प्रसंग उलट करून पाहू. समजा, आपला एखादा मराठी विद्यार्थी बँकॉकच्या विद्यापीठात दाखल झाला. तेथे त्याला काय आढळेल? शैक्षणिक वर्षाच्या आरंभी ‘वाय ख्रू’ नावाचा समारंभ होतो. ‘ख्रू’ म्हणजे आपला गुरूच, आणि ‘वाय’ म्हणजे हात जोडून केलेले वंदन. हा समारंभ बहुधा गुरुवारी करतात; थाई भाषेत त्या वाराचे नाव बृहस्पतीवरूनच पडले आहे. विद्यार्थी गुडघे टेकून शिक्षकांना फुलांच्या परड्या अर्पण करतात. त्या परडीत परंपरेने काय असते, ते ऐकून मराठी श्रोत्यांना मौज वाटेल. तीत दूर्वा असतात, वांग्याची फुले असतात, रुक्मिणीच्या जातीची टोकदार कळ्यांची फुले असतात, आणि साळीच्या लाह्या असतात. दूर्वा जशा जमिनीवर झपाट्याने पसरतात तशी विद्या पसरावी. त्या टोकदार कळीसारखी बुद्धी तीक्ष्ण व्हावी. आणि वांग्याचे फूल जसे खाली मान घालून उमलते तसा विद्यार्थी विनयाने वाकावा, असा त्या परडीचा अर्थ. गणपतीला दूर्वा वाहणाऱ्या आणि लग्नात लाजाहोम करणाऱ्या आपल्यासारख्यांना तेथे परके वाटण्याचे कारण नाही. तेथे प्राध्यापकाला ‘आचान’ म्हणतात, तो शब्द ‘आचार्य’चा, आणि भेटल्यावर ‘सवात्दी’ म्हणतात, त्याचे मूळ आपल्या ‘स्वस्ति’त आहे.

परंतु श्रोतेहो, खरा धोका ह्या साम्यातच असतो. जेथे सर्वच निराळे दिसते तेथे माणूस जपून वागतो; जेथे ओळखीचे दिसते तेथे तो निर्धास्त होतो आणि तेथेच अडखळतो. आपला नमस्कार आणि थाई ‘वाय’ दिसायला सारखे. पण आपल्या नमस्कारात लहानमोठा हा भेद फारसा नाही. दोघांचेही हात छातीपाशीच जुळतात. थाई रीतीत धाकट्याने थोरल्याला प्रथम वंदन करायचे, आणि समोरची व्यक्ती जितकी आदरणीय तितके जोडलेले हात वर न्यायचे, मस्तक तितके खाली झुकवायचे. गुरूसाठी बोटांची टोके नाकापेक्षा उंच, भिक्षूसाठी त्याहूनही वर. आपण भाबडेपणाने एखाद्या लहान मुलाला आधी हात जोडले, तर ते मूल आणि त्याची आई दोघेही संकोचतात.

ह्याहून बोलके उदाहरण मस्तकाचे आहे. मस्तक हे उत्तमांग, ही कल्पना दोन्हीकडे आहे. आपल्याकडे म्हणूनच आजी नातवाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देते. थायलंडमध्ये म्हणूनच दुसऱ्याच्या डोक्याला कोणी हात लावत नाही. एकाच श्रद्धेतून दोन देशांत दोन परस्परविरुद्ध रीती निघाल्या. आपल्या विद्यार्थ्याने प्रेमाने घरमालकिणीच्या मुलाच्या केसांवरून हात फिरवला, तर त्याच्या मनातले वात्सल्य तिला दिसेलच असे नाही. म्हणून ज्या देशात जाल तेथे ‘हे आमच्यासारखेच आहे’ असे मनाशी म्हणताच क्षणभर थांबावे, आणि ‘कोठवर आमच्यासारखे आहे?’ असे विचारावे.

आणखी काही गोष्टी तेथे जाणाऱ्याने माहीत करून घेतल्याच पाहिजेत. पदवीच्या विद्यार्थ्यांना बहुतेक विद्यापीठांत पांढरा सदरा आणि काळसर विजार किंवा परकरवजा घागरा असा गणवेश असतो. विद्यापीठात कसला गणवेश, म्हणून त्याची थट्टा करू नये. सकाळी आठ आणि सायंकाळी सहा वाजता सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागते, तेव्हा चालणारी माणसे जागच्या जागी उभी राहतात. बौद्ध भिक्षूला स्त्रिया स्पर्श करीत नाहीत, वस्तूही थेट हाती देत नाहीत. मंदिराच्या दाराचा उंच उंबरठा ओलांडायचा असतो, त्यावर पाय द्यायचा नसतो. चारचौघांत आवाज चढवणे हा तेथे मोठा असभ्यपणा समजतात. शांत मनाच्या माणसाला ते ‘चाय येन’, म्हणजे शीतल हृदयाचा, असे गौरवाने म्हणतात. आणि राजघराण्याविषयी अनुदार बोलणे हा तेथे केवळ शिष्टाचाराचा भंग नव्हे. दंडसंहितेच्या ११२ व्या कलमाखाली एका अपराधाला तीन ते पंधरा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडे कट्ट्यावर पुढाऱ्यांची यथेच्छ टिंगल करण्याची सवय जडलेल्या तरुणांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

आता आपल्या घरी येऊ. परदेशी विद्यार्थी पुण्यात असो, नागपुरात असो की रायपुरात, मराठी घरात जेवायला आला म्हणजे त्याची परीक्षा सुरू होते. पहिला प्रश्न ‘नको’चा. आपल्याकडे पाहुणा एकदा नको म्हणतो तो संकोचाने, दुसऱ्यांदा म्हणतो तो रीत म्हणून, आणि तिसऱ्यांदा म्हणतो तेव्हा कदाचित खरोखरच पोट भरलेले असते. यजमानीण हे जाणते, म्हणून ती आग्रह करते. बिचारा परदेशी पाहुणा पहिल्याच वेळी खरे बोललेला असतो! त्याच्या पानात चौथी पोळी पडते आणि ती टाकणे असभ्य म्हणून तो डोळ्यांत पाणी आणून संपवतो. त्याला आधी सांगून ठेवावे की पानावर हात आडवा धरला म्हणजे त्याचा अर्थ पक्का ‘पुरे’ असा होतो. आणि आपणही त्याच्या पहिल्या ‘नको’वर विश्वास ठेवावा.

दुसरा प्रश्न उष्ट्याचा. ह्या शब्दाला नेमका प्रतिशब्द पुष्कळ भाषांत सापडत नाही, इतकी ती कल्पना आपली आहे. जेवत्या हाताने वाढणीचा डाव धरू नये, आपल्या पानातले उचलून दुसऱ्याच्या पानात घालू नये, तांब्याला ओठ न लावता पाणी वरून प्यावे, ह्या साऱ्यांचे कारण एकच आहे: ज्याला एकाच्या मुखाचा संपर्क झाला ते दुसऱ्याला देऊ नये. डावा हात देण्याघेण्यास वापरू नये हीही त्याच कुळातील रीत. थाई विद्यार्थी उजव्या हातात चमचा व डाव्या हातात काटा धरून जेवतो, काट्याने घास चमच्यात सारतो. त्याला बोटांनी वरणभात कालवणे जमत नसेल तर चमचा द्यावा; त्यात कोणाचाच अपमान नाही.

तिसरा प्रश्न बोलण्याचा. आपण नवख्या माणसाला पाच मिनिटांत विचारतो: वय किती, लग्न झाले का, वडील काय करतात, शिष्यवृत्ती किती मिळते? पाश्चात्त्य विद्यार्थ्याला ही चौकशी उलटतपासणीसारखी वाटते. त्याला सांगावे की ह्यात आमची जवळीक करण्याची धडपड आहे. वय कळल्याशिवाय तुला ‘अरे’ म्हणावे की ‘अहो’ हे आम्हांला ठरवता येत नाही. थाई विद्यार्थ्याला हे चटकन पटेल, कारण त्याच्या भाषेतही थोरल्याला ‘पी’ आणि धाकट्याला ‘नोंग’ म्हणावे लागते. मात्र जात, धर्म आणि पगार ह्यांची चौकशी आपण त्याच्याकडेच काय, कोणाकडेही करू नये; तो जवळिकीचा भाग नव्हे.

तसेच, आपण घरच्या माणसाचे आभार मानत नाही. मैत्रिणीच्या आईने महिनाभर डबा पुरवला आणि परदेशी मुलीने ‘आभारी आहे’ म्हटले, तर माउलीला वाटते, मला परकी केले. उलट, त्या मुलीने डबा नेऊन दिला आणि आपल्याकडून कोणी आभाराचा शब्द काढला नाही, तर तिला वाटते की हे लोक कृतघ्न आहेत. दोघींच्याही मनात माया आहे. एकीची शब्दांतून प्रकट होते, दुसरीची पुढल्या डब्यातील लाडवातून. आणि निरोपाचे म्हणाल तर आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. मराठी नव्याने शिकणारा विद्यार्थी ‘येतो’ ऐकून पुन्हा खुर्चीवर बसला, तर व्याकरणाच्या दृष्टीने त्याचे काहीच चुकले नाही. त्यातच आपली मान होकारार्थी हलते की नकारार्थी, हे ताडण्यात त्याचे पहिले सहा महिने जातात!

येथवर मी पाहुण्याने काय शिकावे ते सांगितले. परंतु शिष्टाचार हा दोन टोकांनी धरायचा पदर आहे. त्याचे दुसरे टोक यजमानाच्या हाती असते, आणि ते सुटले तर पाहुण्याने कितीही सांभाळले तरी उपयोग होत नाही.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला अमेरिकेत गेल्या, तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. तेथील थंडीसाठी आणि तेथील लोकांच्या मर्यादेच्या कल्पनांचा विचार करून त्यांनी नऊवारी नेसण्याची पद्धत बदलली, गुजराती पद्धतीने साडी नेसायला आरंभ केला. पण साडी सोडली नाही, आणि शाकाहारही सोडला नाही. काय बदलायचे आणि काय बदलायचे नाही, ह्याचा इतका स्वच्छ विवेक त्या वयात क्वचितच आढळतो. पण ह्या कथेत आणखी एक स्त्री आहे. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर ह्यांनी कधी न पाहिलेल्या ह्या मुलीशी पत्रव्यवहार सुरू केला, तिला आपल्या घरी उतरवून घेतले, मुलीसारखे वागवले. आनंदीबाई त्यांना ‘मावशी’ म्हणत. १८८७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी आनंदीबाई पुण्यात वारल्या; त्यांच्या अस्थींना कार्पेंटर कुटुंबाने न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे आपल्या स्वतःच्या स्मशानभूमीत स्थान दिले. त्या दगडाने हे नाते आजही जपले आहे. परक्या देशात ‘मावशी’ म्हणण्याजोगे एक माणूस मिळणे, ह्याची किंमत शिष्यवृत्तीच्या रकमेत मोजता येत नाही.

हीच उणीव पुण्यात एका प्राध्यापकांच्या नजरेस पडली. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. शां. ब. मुजुमदार वसतिगृहाचे प्रमुख होते. मुलांच्या वसतिगृहाच्या खिडकीशी एक मुलगी येते, काही देते, असे त्यांना दिसले. चौकशी करता कळले की खोलीत मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी आहे, त्याला पथ्याचे अन्न देणारे कोणी नाही, आणि त्याच्या देशाची ती मुलगी त्याला खिडकीतून जेवण पोचवते आहे. वसतिगृहाच्या नियमाप्रमाणे पाहता ती मुलगी अपराधी होती. माणुसकीच्या दृष्टीने पाहता साऱ्या वसतिगृहात आपले कर्तव्य करणारी तेवढीच एक होती. डॉ. मुजुमदारांनी दुसरी दृष्टी स्वीकारली. परदेशी विद्यार्थ्यांना आपुलकीची जागा मिळावी म्हणून त्यांनी १९७१ मध्ये सिंबायोसिस ही संस्था काढली. दोन भिन्न जीवांनी परस्परांच्या आधाराने जगणे, ह्या अर्थाचा आपल्याच शास्त्रातला शब्द त्यांनी तिच्या नावासाठी घेतला. पुढे तिचे मोठे विद्यापीठ झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तिच्या मुळाशी आजारी मुलाचे जेवण आहे, हे विसरू नये.

ह्याच्या उलट बाजूचेही स्मरण ठेवणे आवश्यक आहे. २०१७ च्या मार्च महिन्यात दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडात, एका स्थानिक तरुणाच्या मृत्यूनंतर उठलेल्या अफवांच्या भरात, जमावांनी नायजेरियाच्या विद्यार्थ्यांना मारहाण केली. असे प्रकार एकाएकी घडत नाहीत. त्याच्या आधी पुष्कळ दिवस कोणी त्यांच्या वर्णावरून हाका मारलेल्या असतात, कोणी त्यांच्या केसांना न विचारता हात लावलेला असतो, ‘खोली रिकामी नाही’ असे कोणी तोंडावर खोटे सांगितलेले असते. ‘अतिथिदेवो भव’ हे वचन आपण परदेशी पाहुण्याला मोठ्या अभिमानाने ऐकवतो; तो मात्र ते वचन आपल्या जिन्यावर, आपल्या रिक्षात आणि आपल्या भाडेपत्रकात शोधत असतो.

तेव्हा व्यवहारात काय करावे? परदेशी विद्यार्थ्याला खोली देताना आपल्या अटी पहिल्याच दिवशी, नीट शब्दांत आणि कारणासह सांगाव्यात. घरात मांसमच्छी शिजवलेली चालत नसेल तर तसे सांगावे. मागाहून नाक मुरडण्यापेक्षा ते अधिक सभ्यपणाचे आहे. पाहुण्यांच्या येण्याची वेळ, देवघराची जागा, रात्रीचा आवाज, हे सारे आधी बोलून घ्यावे. चोवीस तासांत कळवण्याच्या सरकारी नियमाचे भय बाळगू नये. ते काम थोड्या वेळाचे आहे, आणि नोंद झाली की मालक आणि भाडेकरू दोघेही निर्धास्त होतात. हळदीकुंकवाला शेजारची परदेशी मुलगी जरूर बोलवावी, पण तिच्या धर्माला कुंकू मान्य नसेल तर तिळगूळ देऊन समाधान मानावे. तिची चूक झाली तर चारचौघांत हसू नये. मागाहून, एकटी असताना, कारण सांगावे. आणि तिच्या देशाची एक तरी रीत तिला विचारावी. ज्याला कोणी काही विचारतच नाही, तो माणूस सदैव विद्यार्थीच राहतो. ज्याला विचारले जाते, तो क्षणभर गुरू होतो.

परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझे सांगणे इतकेच. पहिला महिना डोळ्यांनी शिका: बाकीचे लोक पादत्राणे कोठे काढतात, कोण आधी बसतो, कोण आधी घास घेतो, ते पाहा. दुसऱ्या महिन्यापासून तोंडाने शिका, आणि ‘हे असे का?’ हा प्रश्न नम्रपणे विचारा. ज्याला तो विचाराल तोही पुष्कळदा थबकेल, कारण त्याने स्वतः त्याचा विचार केलेला नसेल. मग दोघे मिळून उत्तर शोधाल, आणि बहुतेक वेळा मैत्रीचा आरंभ तेथूनच होईल. आपल्या श्रद्धेची जी गोष्ट सोडायची नाही ती आधीच मनाशी ठरवा, आनंदीबाईंसारखी. बाकीच्या गोष्टींत हात सैल ठेवा.

शिष्यवृत्त्या सरकारे देतात, पदव्या विद्यापीठे देतात. पण चार वर्षांनी विद्यार्थी आपल्या देशी परतला म्हणजे त्याला आपल्या देशाविषयी जे वाटत असते, ते एखाद्या घरमालकिणीने, खानावळवाल्याने, शेजारच्या आजोबांनी दिलेले असते. आपल्या दाराशी असा कोणी विद्यार्थी निरोप घेताना ‘येतो’ म्हणाला, तर त्याने आपली भाषा शिकली एवढेच समजून थांबू नये. त्याला तोंडभरून ‘या’ म्हणावे, आणि तो खरोखरच पुन्हा येईल असे आपले वागणे ठेवावे.